बोटीच्या दारात जीप कुठं लावायची

तय्यबभाई जीपवाला सीटवरून खाली उतरतो तो तीनच कामांसाठी: चहा, नमाज आणि भांडण. बाकी सगळा संसार त्यानं स्टिअरिंगमागं बसून केला. पोरगी झाल्याची खबर त्याला खिडकीतून मिळाली, तेव्हा जीप भरलेली होती. त्यानं आधी सवाऱ्या मंगरूळला उतरवल्या आणि मग घर गाठलं. शेलूबाजारच्या स्टँडवर कोणालाही विचारा, हीच गोष्ट सांगेल. फक्त सांगताना दोन शिव्या जास्त घालेल.

हा स्टँड बाहेरच्या माणसाला चार खटारा जीपांचा घोळका वाटतो. साहेब लोकांना तर जीपाही दिसत नाहीत, त्यांना सरळ 'अतिक्रमण' दिसतं. पण त्या रांगेला कायदा आहे, आणि तो कोणाच्याही सहीशिक्क्यावाचून चालतो. जो आधी आला त्याचा नंबर आधी. भरल्याशिवाय जीप हलवायची नाही. आणि रांगेत लागलेली गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक मोकळा, दार उघडं. पुढची जीप भरून निघाली की मागच्या सगळ्या हातानं ढकलत पुढं घ्यायच्या. इंजिन चालू करायचं नाही, डिझेल काय नळाला येतं? मालक तिथं असो नसो, जो हाताशी असेल तो ढकलतो. मनात राग असला तरी ढकलतो. तय्यबभाई आणि शेषराव यांचं एका निवडणुकीपासून बोलणं बंद आहे. पण तय्यबभाई मशिदीत गेला की त्याची जीप शेषरावच पुढं घेतो. तोंड वाकडं करून घेतो, पण घेतो.

मागं एकदा स्टँडवर बायांसाठी मुतारी पाहिजे म्हणून याच तय्यबभाईनं सगळ्या जीपा तहसीलच्या फाटकासमोर आडव्या लावल्या होत्या. साहेब म्हणाले, गाड्या हटवा. हा म्हणाला, "साहेब, नंबर लागेल आहे आमचा. भरल्याशिवाय नाई निघत." मुतारी झाली. पाणी अजून आलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या पोरीला नोकरी लागली समुद्रात.

जिकरा अमरावतीला हॉटेलचं काम शिकली. तिचा हात पिठात बसला. पाव, केक, नानाविध बिस्किटं. एका मोठ्या प्रवासी बोटीच्या भटारखान्यात तिला बेकरीचं काम मिळालं. मुंबईच्या बंदरावरून चढायचं आणि कित्येक महिने बोटीवरच राहायचं. गावात कुजबुज झालीच. एक जण पानठेल्यावर तोंड वर करून म्हणाला, "तय्यबभाई, पोट्टीले समुद्रात पाठवून राह्यले म्हणते?"

"हाव. तू तुह्या पोट्टीले घरातच बुडवून राह्यला, म्या काही म्हटलं का तुले?"

त्यानंतर कुजबुज चालू राहिली, पण तय्यबभाईच्या जीपपासून लांब.

खरी अडचण घरात झाली. जिकरानं रेल्वेचं पाहून ठेवलं होतं. तय्यबभाईनं ताट बाजूला सारलं. "जिंदगीभर लोकायच्या पोरी सासरी सोडल्या म्या, कॉलेजात सोडल्या, दवाखान्यात सोडल्या. अन माह्या पोरीनं रेल्वेत लटकत जायचं? लोक थुंकतीन माह्यावर. जीपनं जायचं."

सरवरी, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "यायची जीप मुंबईले पोचते का, आधी थे तरी पाहा."

"समृद्धी आपल्या उशाले आहे. शेलूबाजारातून चढलं की सरळ मुंबई."

 जिकरा हळूच म्हणाली, "अब्बा, अमरावतीले सोडलं होतं तुमी मले. आठवते?"

त्याला आठवत होतं. होस्टेलच्या दारात त्यानं जीप उभी केली होती. पेटी खाली ठेवायला एका पोराला सांगितलं होतं. मागं बस येऊन हॉर्न देत होती. हॉर्न ऐकला की त्याचा पाय आपोआप क्लचवर जातो. त्यानं गिअर टाकला आणि निघाला. चौक ओलांडल्यावर ध्यानात आलं की पोरीला 'जातो' म्हणायचंही राहिलं. आरशात पाहिलं, तर ती पेटीशेजारी हात अर्धा वर करून उभी. परत फिरायचं तर एकेरी रस्ता.

"तुमी सोडता अब्बा. पण थांबत नाई," जिकरा म्हणाली. "जीपनं चला ना, मले चालते. पण या खेपेले खाली उतरायचं. दरवाजापर्यंत यायचं. मी आत जाईपर्यंत उभं राह्यचं. मंग कोणी किती का हॉर्न देईना."

"हात्तिच्या! राह्यतो ना उभा."

"अन जीप कुठं लावसान?"

तय्यबभाईनं सारलेलं ताट परत पुढं ओढलं. एवढी वर्षं जीप चालवली, पण जीप लावून तिच्यापासून दूर जायचं कुठं, हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न माणिकरावच्या हॉटेलात गेला. माणिकरावचं हॉटेल म्हणजे स्टँडच्या टोकाला टिनाचं छप्पर, एक भट्टी आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मत. माणिकराव मुंबईला जाऊन आलेला. मोर्चात गेला होता.

"मुंबईत गाडी कुठं लावतेत?" तय्यबभाईनं विचारलं.

"मैदानात," माणिकराव म्हणाला. "मोठ्ठं मैदान आहे. आमच्या पन्नास गाड्या लागल्या होत्या."

"थो मोर्चा होता बे. एका जीपचा मोर्चा कसा काढू?"

"मंग बोटीतच टाक. एवढी मोठी बोट, तुही जीप जड होते का तिले?"

हसले सगळे. तय्यबभाईही हसला. मग चिडला. "मस्करी नोका करू बाप्पा. पोरीले शब्द देल्ला म्या."

तेवढ्यात पुंजाजी वांग्याचं टोपलं घेऊन आला. शेलूबाजारच्या कडेला त्याचा भाजीचा मळा. रोज सकाळी त्याची वांगी, मेथी, सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) तय्यबभाईच्या जीपच्या कॅरिअरवर चढून मंगरूळच्या बाजारात जातात. जिकरा लहानपणी या मळ्यातच पडीक असायची, पुंजाजीच्या बायकोच्या, सीताबाईच्या मागं मागं. सगळं ऐकून पुंजाजी म्हणाला, "त्यात काय? जीपमंदी कोणी तरी बसेल असलं म्हणजे झालं. माणूस दिसला की गाडी कोणी उचलत नाई. मी येतो."

"तुमी? मुंबईले?"

"अन सीता पण येते म्हणे. पोट्टी कोणाच्या घरी चालली थे पाह्यले नोको? सोयरीक करताना आपुन घर पाह्यतो का नाई? मंग बोट पाह्यली पाह्यजे."

त्या वाक्यावर तय्यबभाईचा चेहरा उजळला. पार्किंगचं सोडा, रात्रीपासून त्याला दुसरंच खुपत होतं. तीन माणसं घेऊन एवढ्या लांब जायचं, म्हणजे जीप जवळजवळ रिकामी. रिकाम्या सीटा मागं खडखडत असल्या की त्याला जेवण जात नाही. आता निदान पाच झाले.

जिकरानं मोबाईलवर शोधून बंदराजवळची एक पार्किंगची इमारत काढली. मजल्यावर मजले, आत नुसत्या गाड्या. तय्यबभाईचा विश्वास बसेना. "गाडीले माडी?" म्हणून त्यानं फोन लावला. पलीकडून बाई बोलायला लागली, मराठीसाठी एक दाबा.

"बाई, माही गोष्ट ऐक आधी."

"हिंदीसाठी दोन दाबा."

"अवं, ऐकून त घेशील! मी शेलूबाजारहून बोलून राह्यलो."

"अब्बा, थे टेप आहे," जिकरानं फोन काढून घेतला.

शेवटी खरा माणूस फोनवर आला. गाडी कोणती? जीप. किती दिवस ठेवणार? "दिवस कायचे," तय्यबभाई म्हणाला, "पोरगी आत जाईपर्यंत."  तो माणूस म्हणाला, जागा असते, या. दोघांनाही वाटलं की सगळं ठरलं. जीपच्या डोक्यावर कॅरिअर आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. आपल्याकडे जीप म्हटली की कॅरिअर आलंच. कपाळ असल्यावर केस असणार, ते काय वेगळं सांगायचं?

निघायच्या दिवशी सकाळची नमाज आटोपून तय्यबभाई बाहेर आला, तर कॅरिअरवर वांग्याची दोन मोठी टोपली, सांबाराचं एक पोतं आणि वरून ओलं फडकं.

"पुंजाजी, बाजार नाई आज."

"बाजारासाठी कोण नेऊन राह्यलं? बोटीवरच्या आचाऱ्याले. पहिल्या डावी जाऊन राह्यलो, रिकाम्या हातानं जावं का? जिकराच्या हाताखाली राह्यनारी पोरं आहेत थे, खातीन."

"काका," जिकरा म्हणाली, "मीच त्यायच्या हाताखाली राह्यनार आहे."

"मंग त दोन टोपले कमीच झाले व," सीताबाई म्हणाली आणि नऊवारी सावरत मागच्या सीटवर चढून बसली. सरवरीनं डब्बा, पाण्याची कॅन आणि नवऱ्याचा नवा सदरा घेतला. "उतरायच्या आधी घालजा," तिनं बजावलं. "ड्रायव्हर नोका दिसू आज."

समृद्धीवर चढल्यावर तय्यबभाईला पहिला तास करमेना. रस्ता गुळगुळीत, मोटारी शेजारून सूं करून जात होत्या. पण रस्त्याच्या कडेला माणूस नाही. फाट्यावर हात वर करणारी म्हातारी नाही, बकरी काखेत मारून 'घे ना बाप्पा' म्हणणारा नाही, कोणी नाही. मेडशीपासून मंगरूळपर्यंत ज्या माणसानं हात पाहून ब्रेक मारला, त्याचा पाय नुसताच अवघडून गेला.

"हा कसला रस्ता?" तो करवादला. "च्या नाई, हात नाई, शिवी नाई. याले रस्ता म्हणतेत?"

"तुमी त लढ्यात होते म्हणे या रस्त्यासाठी," जिकरानं चिमटा काढला.

"रस्त्यासाठी नाई व, रस्त्यात गेलेल्या विहिरींसाठी. थो हिशेब वेगळा." आणि मग जालन्यापर्यंत तो कोणत्या साहेबाला काय सुनावलं ते सांगत राहिला. सरवरीनं सगळं पूर्वी ऐकलेलं होतं, ती झोपली. सीताबाईनं नव्यानं ऐकल्यासारखी प्रत्येक ठिकाणी 'माय वं' म्हणून दाद दिली. डोंगरातले बोगदे आले तेव्हा पुंजाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मुंबई लागली आणि तय्यबभाईला जीव आला. हॉर्न, शिव्या, अंगावर येणारी रिक्षा, मधेच थांबलेली बस. "आता कसं घरी आल्यासारखं वाटते!" म्हणत त्यानं ठाण्याच्या गर्दीतून जीप अशी काढली की शेजारच्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढून पाटी वाचली. एमएच सदतीस. कुठली ही जमात, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वाशिमची, भाऊ. ओळख ठेव.

पार्किंगची इमारत सापडली. दारावर आडवा लोखंडी दांडा साखळ्यांनी टांगलेला. तय्यबभाईनं जीप आत घातली आणि वरून आवाज आला: खर्रर्र.

"वांगे!" सीताबाई किंचाळली.

रखवालदार धावत आला. "अरे चाचा, हाइट देखो! ऊपर क्या मंडी लेके आए हो?"

"टोपले उतरवतो ना."

"टोकरी नहीं, वो जाली भी लगेगी. इतनी ऊंची गाडी अंदर नहीं जाती."

"फोनवर या म्हटलं ना बे तुमी!"

"कार बोला होगा."

"जीप बोललो मी! जीप!"

मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. पुंजाजी टपावर चढून दांडा हातानं उचलू पाहत होता. सरवरी म्हणाली, "भांडायले उतरू नोका, वेळ चालला." तिचं बरोबर होतं. तय्यबभाईचा एक पाय खाली गेलेलाच होता. त्यानं तो आत घेतला, दात खाल्ले आणि जीप मागं काढली.

जिकरा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "राहू द्या अब्बा. गेटवर सोडा मले. मी जाईन. तुमी पुढं निघून जा."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं बोलली. तय्यबभाईला आरशात तिचा चेहरा दिसला, आणि तो आरसा त्यानं उगाचच वाकडा केला.

बंदराच्या दारात पोलीस, दोऱ्या, पिवळे अडथळे. गाडी थांबते, माणसं उतरतात, शिट्टी वाजते, गाडी हलते. लावायला वीतभर जागा नाही. भिंतीपलीकडे बोट उभी होती. बोट कसली, पांढरी इमारत. सीताबाई मान वर करून पाहतच राहिली. "एवढ्या घरचं झाडणं कोण झाडत असंन?"

आणि तय्यबभाईला डाव्या हाताला ती दिसली. रांग. काळ्यापिवळ्या टॅक्सींची, एकामागं एक, भिंतीला लागून. पुढची टॅक्सी सवारी घेऊन निघाली. मागच्या टॅक्सीवाल्यानं इंजिन चालू केलं नाही. त्यानं दारातून एक पाय खाली टाकला, दाराच्या चौकटीला खांदा लावला आणि टॅक्सी ढकलत पुढं घेतली. त्याच्या मागच्यानंही. पुढच्या एका टॅक्सीत तर कोणी नव्हतंच, तिला दुसऱ्याच ड्रायव्हरनं ढकललं.

तय्यबभाईचे डोळे चमकले. "हे त आपलं स्टँड आहे!"

"अब्बा, थे टॅक्सीचं आहे," जिकरा म्हणाली.

"नंबर आहे ना? मंग झालं."

एवढ्या मोठ्या शहरात, बंदराच्या दारात, पोलिसांच्या देखत वाशिमची कॅरिअरवाली जीप टॅक्सीच्या रांगेत लावायची अक्कल शहाण्या माणसाला सुचलीच नसती. तय्यबभाईनं ती शेपटाला लावली. न्यूट्रल. हँडब्रेक मोकळा. दार उघडं. पुढच्या टॅक्सीचा म्हातारा ड्रायव्हर वळून बघतच राहिला.

"भाईजान," तय्यबभाई त्याला म्हणाला, "बेटी को छोडके आता हूँ. नंबर आया तो ढकल लेना."

त्या म्हाताऱ्याचं नाव हरीओम. तो काही बोलायच्या आत तय्यबभाईनं पुंजाजीला स्टिअरिंगमागं बसवलं. "ढकलली की सरळ धरायचं, बस. बैलासारखं."

"बैल स्वतः चालते," पुंजाजी म्हणाला. पण बसला.

आणि मग तय्यबभाई खाली उतरला. त्यानं नवा सदरा घातला, पोरीची मोठी बॅग हातात घेतली आणि दरवाजाकडं चालू लागला. चालताना त्याला विचित्र वाटत होतं, जणू कोणी त्याच्या अंगातून जीप काढून घेतली होती.

कामगारांची रांग वेगळी होती. घरच्यांना दोरीपर्यंतच सोडत होते. सरवरीनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून काही तरी पुटपुटलं. सीताबाईनं दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. तय्यबभाईनं बॅग दिली. बोलायला गेला आणि त्याच्या तोंडून निघालं, "सुट्टे आहेत ना जवळ?"

"आहेत अब्बा," जिकरा हसली आणि दोरीच्या आत गेली.

आतली रांग हळू होती. एकेकाची बॅग उघडून पाहत होते. तेवढ्यात लाऊडस्पीकर खाकरला. "एमएच सदतीस! जीप! एमएच सदतीस, गाडी ताबडतोब हटवा! टोईंग बोलावलं आहे!"

त्याच्या मागोमाग हॉर्न. बाकी हजार हॉर्नमधून त्याला तो ओळखू आला असता. त्याच्याच जीपचा होता, फाटका, सर्दी झाल्यासारखा. पुंजाजी जोर लावून दाबत होता.

तय्यबभाईचा डावा पाय हलला. रिकाम्या फरशीवर क्लच दाबल्यासारखा.

आत जिकरानंही ऐकलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं. हातानं खूण केली: जा. रागानं नाही, सवयीनं.

"अवं, गाडी उचलतीन!" सरवरीनं त्याची बाही ओढली. "रोजीरोटी आहे थे! जा ना!"

"उचलू दे."

"काय?"

"उचलू दे म्हटलं. उचलली त सोडवून आणू. अमरावतीचं परत कुठून आणू?"

स्पीकर पुन्हा ओरडला. हॉर्न पुन्हा वाजला. मग हॉर्न एकदम बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. तय्यबभाईनं दोरी दोन्ही हातांनी धरली, उपटायला आल्यासारखी. तो वळला नाही. जिकरा रांगेत एक माणूस पुढं सरकली, वळून पाहिलं. बाप तिथंच. आणखी एक सरकली, पाहिलं. तिथंच. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती हसायला लागली, डोळे पुसत पुसत. मागची पोरगी तिला काही विचारत होती, आणि ती दोरीकडं बोट दाखवून सांगत होती. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही. पण माझे अब्बा, एवढं तर असेलच की त्यात.

तिची बॅग तपासून झाली. काचेच्या दारात तिनं हात वर केला. या वेळी पूर्ण. तय्यबभाईनं दोन्ही हात वर केले, मोर्चात करतात तसे. दार मिटलं.

"चाल," तो सरवरीला म्हणाला. आवाज जरा फाटका होता, जीपच्या हॉर्नसारखा.

परत आले तर रांगेच्या शेपटाला जीप नव्हती. जिथं लावली तिथं एक टॅक्सी उभी. तय्यबभाईनं भिंतीला हात टेकला. सीताबाई म्हणाली, "उचलली का माह्या माणसासगट?"

"अरे चाचा!" लांबून हाक आली. "इधर! नंबर आ गया आपका!"

जीप रांगेच्या पार डोक्यावर उभी होती. पहिला नंबर. कॅरिअरवरची दोन्ही टोपली रिकामी. टॅक्सीवाले बोनेटवर टेकून उभे, प्रत्येकाच्या हातात सांबाराची जुडी नाही तर पिशवीत वांगी. हरीओम छातीशी वांगी धरून हसत होता. आणि जीपमध्ये, मागच्या सीटांवर, बोटीवरून उतरलेलं एक अख्खं कुटुंब बॅगा मांडीवर घेऊन बसलं होतं, डोक्यावर बोटीवरच्या टोप्या घालून.

"हे कोण बाप्पा?" तय्यबभाईनं विचारलं.

"सवारी," पुंजाजी म्हणाला. "स्टेशनले जायचं म्हणत होते. म्या म्हटलं बसा, ड्रायव्हर येतेच. खाली कायले उभं ठेवायचं?"

"अन पोलीस?"

आता पुंजाजीला चेव चढला. "आला ना थो! म्हणे गाडी काहून उभी केली. म्या म्हटलं, साहेब, उभी कुठं आहे? तेवढ्यात या लोकायनं धक्का मारला, पुढं गेली. थो पुन्हा आला, पुन्हा धक्का. यायनं आपल्या टॅक्सी बाजूले घेऊन आपली जीप पुढं काढली. शेवटी म्हणते, चालती गाडी कशी उचलू? अन निघून गेला. मंग म्या हॉर्न मारणं सोडलं, अन वांगे वाटले."

"चार आदमी लगे आपके वजन को," हरीओम म्हणाला. "क्या गाडी है, रेल का डब्बा! पर चाचा, एक बात है. सवारी हमारी है."

 तय्यबभाईनं जीपकडं पाहिलं. भरलेली. पहिला नंबर. उभ्या जन्मात त्याला यापेक्षा सुंदर काही दिसलं नसेल. पण ज्यानं आपली गाडी ढकलली त्याचा नंबर मारणारा माणूस शेलूबाजारात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. तिथं कोणी पाहायला नव्हतं, ही गोष्ट वेगळी. माणूस स्वतः तर पाहतोच ना.

"बाहर आओ भाईसाब," तो त्या कुटुंबाला म्हणाला. "मैं बाहर गाव का हूँ. इनकी गाडी में बैठो." त्यानं स्वतः त्यांच्या बॅगा उचलून हरीओमच्या टॅक्सीत आणि तिच्या मागच्या टॅक्सीत ठेवल्या. दार लावलं. गाड्या वळणावर जाईपर्यंत उभा राहिला. सरवरी पाहतच राहिली. हा माणूस आज दुसऱ्यांदा कोणाला तरी निरोप देत होता.

मग तो सीटवर चढला. पहिल्या नंबरावरून त्याची जीप आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या सीटा घेऊन निघाली. मागं त्या खडखडत होत्या. सरवरीनं डब्बा उघडून भाकरीचा घास पुढं केला, आणि त्यानं तो गाडी चालवता चालवता खाल्ला.

दोन दिवसांनी स्टँडवर जीप नेहमीच्या जागी लागली. शेषरावनं तोंड वाकडं करून तिला एक धक्का दिला आणि आपल्या जीपकडं गेला. माणिकराव चहा गाळता गाळता ओरडला, "काय तय्यबभाई, सांग त खरं, मुंबईत जीप लावली कुठं मंग?"

"लावली कुठं बे?" तय्यबभाई खाली उतरून, टेकून, ऐटीत म्हणाला. "नंबरात होती."